दोनदा वारलेली आजी

माझी आजी दोनदा वारली. हे माझं म्हणणं नाही, पंचवटीतल्या आमच्या गुरुजींच्या वहीचं आहे. त्यांनी लांबोडकी वही मांडीवर उघडली, चष्मा पुसला, दोन पानं पुढे गेले, तीन मागे आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या मातोश्री आमच्याकडे दोनदा गेलेल्या दिसताहेत." वडिलांना मी दादा म्हणायची. दादा समोर पाटावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला नेहमीप्रमाणे आधी राग आला.

मला राग फार लवकर येतो. मूळचाच असेल, पण टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर पंधरा वर्षं बसून तो पक्का झाला. लोक नंबर विचारायला फोन करत आणि नुसतं नाव-आडनाव सांगून गप्प बसत. या नावाची बरीच माणसं नाशकात आहेत, त्यातला तुमचा कुठला, असं विचारलं की त्यांनाच माझा राग यायचा. मग मी वडिलांचं नाव विचारायची, गल्ली विचारायची, दुकान की घर ते विचारायची, आणि एका माणसाला दुसऱ्यापासून सोडवून काढायची. त्यामुळे एकाच बाईला दोनदा मारून ठेवणं हा मला निव्वळ हलगर्जीपणा वाटला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. दादांच्या छातीत दुखायला लागून दोन महिने झाले होते आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली होती. दादा कागदोपत्री त्र्याहत्तर वर्षांचे. देवळाली कॅम्पात लष्कराच्या स्टोअरमध्ये सगळी नोकरी झालेली, त्यामुळे जे काही व्हायचं ते रीतसर व्हावं असा त्यांचा हट्ट. ऑपरेशनला ते नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "त्याआधी एकदा आईचं करून येऊ." माझी आई जाऊन चार वर्षं झाली होती, मी लग्न केलं नव्हतं, घरात आम्ही दोघंच. तेव्हा मीच त्यांना रिक्षात घालून रामकुंडावर नेलं.

तिथल्या गुरुजींची पद्धत अशी, की गावागणिक आणि आडनावागणिक गुरुजी ठरलेले. कोणी अस्थी घेऊन आलं, सिंहस्थात स्नानाला आलं, की गुरुजी त्या घराण्याच्या पानावर लेख लिहून घेतात: कोण आलं, कशासाठी आलं, सोबत कोण, मुलं किती. पुढे नातू आला की आजोबांनी काय लिहून ठेवलं ते त्याला वाचून दाखवतात. आमचं घराणं सिन्नरकडच्या एका खेड्यातलं. आमच्या पानावर तीन लेख निघाले. पहिल्यात आजोबांनी आपल्या बायकोच्या अस्थी आणल्या होत्या, बाई सवाष्ण गेलेली. दुसऱ्यात आजोबा सिंहस्थाला आले ते बायको आणि एक मुलगा घेऊन, आणि बायकोचं नाव तेच. तिसऱ्यात, आजोबा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, दादांच्या चुलतभावाने आजोबांच्या विधवेच्या अस्थी आणल्या होत्या. नाव पुन्हा तेच. पहिल्या लेखाची कड कसरीने खाल्ली होती आणि साल नेमकं त्या कडेलाच लिहिलेलं.

मी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. दादांचं नाव त्यांच्या आजोबांचं, माझ्या आजोबांचं नाव त्यांच्या आजोबांचं. म्हणजे माझे आजोबा आणि माझे खापरपणजोबा यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं एकच. पहिला लेख खापरपणजोबांचा असणार, आणि गुरुजींच्या घरातल्या कोणीतरी तो चुकून आजोबांच्या पानावर चिकटवला असणार. बायकोच्या नावाचं म्हणाल, तर ते नाव त्या काळी घरटी एक सापडत होतं. मी हे जरा जोरातच सांगितलं. गुरुजी शांत होते, त्याचाही मला राग आला.

"ताई, हे अक्षर माझ्या आजोबांचं आहे," ते म्हणाले. "तुमच्या खापरपणजोबांच्या वेळी माझे आजोबा जन्मलेही नसतील. तुम्ही खात्री करून घ्या. आणि लवकर करा. सवाष्ण गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करतात, पितृपंधरवड्यात. विधवेचं तिच्या तिथीला. कुठल्या मातोश्रींचं करायचं ते तुम्ही ठरवून या."

घाटाच्या वर एका टपरीवर आम्ही चहा घेतला. दादांनी कप तसाच धरून ठेवला होता. मला वाटलं छातीत दुखतंय. मी गोळी काढली, तर त्यांनी मान हलवली.

"पहिला लेख खरा असेल," ते म्हणाले, "तर मला वाढवलं ती कोण?"

आणि मग त्या टपरीवर, माझ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी मला पहिल्यांदा त्यांच्या आईविषयी सांगितलं. ते सात-आठ वर्षांचे असताना कासार बांगड्या भरायला दारात आला होता. दादा तिच्या मागे उभे. कासाराने सहज विचारलं, हा तुमचा का? ती म्हणाली, "हा माझा नाही." पुढे हात करून बांगड्या भरून घेतल्या, कासाराला सुपात दाणे दिले आणि आत गेली. तिने दादांना कधी उपाशी ठेवलं नाही, कधी मारलं नाही, फाटलेलं शिवलं, डोक्याला तेल लावलं. पण हात लावायचा तो कामापुरता. मांडीवर कधी घेतलं नाही, जवळ कधी ओढलं नाही. दहाव्या वर्षी नाशकाच्या बोर्डिंगात जायला निघाले तेव्हा भाकरी बांधून दिली आणि दारातून आत वळली.

"मी काय केलं होतं, हे मला अजून कळलं नाही," दादा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता आणि तेच मला सहन होईना. "ती आई असून तसं म्हणाली, की आई नव्हतीच म्हणून म्हणाली, एवढं मला ऑपरेशनच्या आधी कळायला पाहिजे. टेबलावर काही झालं तर हे डोक्यात घेऊन जायचं नाही मला."

नवमीला पाच आठवडे होते. डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख नवमीच्या पुढची घेतली. त्यांनी मला बाजूला घेऊन सुनावलं, की तुम्ही शिकलेल्या बाई असून असल्या गोष्टींसाठी थांबता. मी तारीख लिहून घेतली. स्वतःलाच मनात दहा वेळा बोलले.

मग माझ्या सिन्नरच्या खेपा सुरू झाल्या. रजा टाकायची, सकाळची एसटी धरायची, कचेरीत अर्ज द्यायचा आणि बाकावर बसायचं. इंग्रजांच्या वेळची जन्म-मृत्यूची रजिस्टरं एका खोलीत बासनात बांधलेली. ती काढायला माणूस पाहिजे, माणूस असला तर किल्ली पाहिजे, किल्ली असली तर साहेब पाहिजेत. मला बाकावर बसवत नाही. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची, मग रस्त्यापलीकडे जायची. तिथे झेरॉक्सच्या दुकानाशी एक म्हातारे गृहस्थ स्टूल टाकून बसत. नोकरीत असताना तलाठी होते, मोडी वाचता येणारे आसपास ते एकटेच. कोणी जमिनीचे कागद आणे, कोणी जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद आणे. ते भिंग लावून वाचून देत. मला पाहिलं की म्हणायचे, "आली का अस्वस्थ बाई." मी हसायची. दुसरं काय करणार.

तिसऱ्या खेपेला बासन सुटलं. छापील रकाने सरकारी, आत पोलीस पाटलाची मोडी. पहिली गोष्ट अशी निघाली, की आमच्या गावचं सर्वांत जुनं रजिस्टर सुरू झालं तेव्हा खापरपणजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आणि त्याच रजिस्टरात, आजोबांच्या उमेदीच्या वर्षांत, ओळ होती: अमक्याची बायको, वय अठरा, ताप. अमका म्हणजे आजोबा. तिचं नाव नव्हतंच. सरकारला माणूस गेल्याचं कळायला हवं होतं, बाईचं नाव कळून त्याला काय करायचं होतं. माझा खापरपणजोबांचा शोध तिथेच आडवा झाला. गुरुजींची वही खरी होती, आजोबांची बायको अठराव्या वर्षी सवाष्ण गेली होती. म्हणजे पुढची बाई दुसरी. तिला नाव तेच ठेवलं होतं.

मला खरं तर तेव्हाच सुचायला हवं होतं. बिजवराच्या नव्या बायकोला गेलेलीचंच नाव द्यायचं, ही रीत मी ऐकून होते. पण ऐकलेली गोष्ट आपल्या घरात घडली असेल असं मनात येत नाही. दिवसभर लोकांना वडिलांची नावं विचारणारी मी, मला आजीचं नाव दोन बायकांचं असेल हा संशयसुद्धा आला नव्हता.

आता प्रश्न एवढाच उरला, की दादा पहिलीचे की दुसरीचे. जन्माच्या रजिस्टरात त्या मृत्यूच्या दहा महिने आधी नोंद होती: बाप अमका, मुलगा. मुलाचं नाव नाही, आईचं तर नाहीच. मी उड्या मारत गावच्या शाळेत गेले. मास्तरांनी जुनं रजिस्टर दाखवलं. दादांची जन्मतारीख एक जून, आणि साल पहिली बायको गेली त्याच्या पुढचं. म्हणजे शाळेच्या हिशेबाने ती गेल्यावर सव्वा वर्षाने दादा जन्मले.

आता एक जून ही तारीख म्हणजे काही जन्मतारीख नव्हे. त्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, कारण मास्तरांना तीच सोयीची. पण साल? सालसुद्धा त्यांनी मनाने टाकलं असेल का? रजिस्टरात जन्मलेला तो मुलगा दादांचा थोरला भाऊ असेल, लहानपणीच गेला असेल, आणि दादा खरोखरच दुसरीचे असतील. पुढचे जन्म आणि मुलांचे मृत्यू बघायला गेलो तर ती गेल्यानंतरच्या नेमक्या दोन वर्षांची पानं दोन्ही रजिस्टरांत नव्हती. म्हातारे तलाठी भिंग ठेवून म्हणाले, "ताई, कागद एवढंच बोलतो."

मी घरी येऊन दादांना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. अर्धी गोष्ट हातात घेऊन घरी येण्याची घाई मला कशाची होती ते मला आजही कळत नाही. दादा ऐकून म्हणाले, "शाळेचा दाखला म्हणजे सरकारी कागद. म्हणजे मी तिचाच." मग गॅलरीत गेले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. जेवण गार झालं. मी हाक मारली तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, "तिचाच होतो, आणि तरी म्हणाली."

त्या आठवड्यात आम्ही दोघंही एकमेकांवर खेकसत होतो. त्यांनी कपाट तीनदा लावलं. मी कामावर एका बाईला चुकीचा नंबर दिला, तिने परत फोन करून मला झाडलं, ते योग्यच होतं. नवमीला नऊ दिवस राहिले. मग दादांनाच आठवलं, की त्यांची एक थोरली चुलतबहीण सटाण्याकडे दिलेली आहे आणि ती अजून आहे. तिला त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी म्हणाले मी एकटी जाऊन येते. ते पायात चपला घालून दारात उभे राहिले.

एसटीत ते खिडकीशी बसले, हात सबंध वेळ शर्टाच्या खिशावर, गोळ्यांच्या डबीवर. मी त्यांच्याकडे बघू नये म्हणून बाहेर बघत होते. कांद्याच्या चाळी, मक्याची शेतं, पुन्हा चाळी. मनात एकच चाललेलं, की म्हातारीला काहीच आठवत नसलं तर?

आत्याला दिसत कमी होतं, पण डोकं लखलखीत होतं. तिचं माहेर सिन्नरकडचं आणि सगळं आयुष्य सटाण्याकडे, त्यामुळे बोलण्यात दोन्हीकडचं मिसळलेलं. दादांनी नाव सांगितलं तर तिने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मी घाईने विषयावर आले. तुमच्या काकांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मुलगे किती होते, एक की दोन?

"एकच. हाच," आत्या म्हणाली. "दुसरा कोनी नाय झाला. ती दुसरी आली, तिले काहीच झालं नाय."

"पण शाळेत साल—"

"शाळेत मीच घेऊन गेलते याला. मास्तर म्हने, उशीर झाला, दोन वर्सं कमी टाकतो, नोकरीत उपयोगी पडतील. वरचे दात पडेल व्हते याचे, तरी पाच वर्सांचा लिवला." ती दादांकडे वळली. "पहिलीचा तू. ती गेली तवा रांगत व्हता. मी सात-आठ वर्सांची व्हते, माले सगळं आठवतं."

मला सुटल्यासारखं झालं. दोन बायका वेगळ्या झाल्या, मुलगा कोणाचा ते कळलं, काम झालं. मी म्हणाले, तरीच ती म्हणायची, हा माझा नाही. आत्याने माझ्याकडे तोंड फिरवलं. तिला नीट दिसत नव्हतं तरी ती माझ्याकडेच बघत होती.

"तुला काय म्हाईत," ती म्हणाली. मग दादांना विचारलं, "तिच्या गळ्यात काय व्हतं, आठवतं?"

"चांदीचा टाक," दादा म्हणाले. "देवीचा."

"देवी नाय ती. ती तुझी आई शे."

सवतीचा टाक. गेलेल्या बायकोची चांदीच्या पत्र्यावर ठसवलेली मूर्त नव्या बायकोच्या गळ्यात घालतात, म्हणजे गेलेली रागावत नाही. घास तिला आधी दाखवायचा, नवं लुगडं तिला आधी लावायचं. हे आत्याने आम्हाला नीट सांगितलं, आम्ही शहरातली माणसं म्हणून. आणि मग सांगितलं, की ती नवी चौदा वर्षांची होती. पहिल्या दिवशी तिला नव्या नावाने हाक मारली तर तिने वळून पाहिलं नाही, सासू म्हणाली बहिरी केली का काय. त्याच दिवशी सासूने रांगतं पोर दाखवून तिला बजावलं, की गेलेलीचा जीव ह्याच्यात अडकला हाय. तू ह्याला माझा म्हनशील, मांडीवर घेशील, त्या दिवशी ती ह्याला घेऊन जाईल.

"लय भ्यायची ती," आत्या म्हणाली. "तुला ताप आला व्हता एकदा. तीन दिवस डोळे उघडले नाय तू. ती उंबऱ्याबाहेर बसेल, आत येईना. तो टाक मुठीत धरला आन एकच बोले, तुझाच शे बाई हा, माझा नाय, पन राहू दे इथं. तीन दिवस अन्न नाय घेतलं. कोनी विचारलं, हा तुझा का, की लगेच नाय म्हने. मोठ्यानं म्हने. गळ्यातलीला ऐकू जावं म्हनून."

दादांनी खिशातून डबी काढली, गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटून बसून राहिले. मी घाबरले. त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली. थोड्या वेळाने विचारलं, "तिचं माहेरचं नाव काय होतं?"

आत्याला आठवेना. तिने खूप वेळ प्रयत्न केला. माहेरचं गाव आठवलं, भावाच्या बैलाचा रंग आठवला, नाव काही आठवलं नाही. "ते कोनी घेतच नव्हतं ना, भाऊ," ती म्हणाली.

नवमीला दादांनी पहिल्या आईचं केलं, पंच्याहत्तर वर्षांनंतर. गुरुजींनी मला वही दाखवून खिजवलं नाही, मी मात्र त्यांची माफी मागितली. दादांनी विचारलं, दुसरीला पाणी देता येईल का? सापत्न मातेला तर्पणात जागा असते, असं गुरुजी म्हणाले आणि नाव विचारलं. दादा म्हणाले, जे आहे ते तिचं नाही. गुरुजींनी थोडा विचार केला आणि नावाशिवायच तर्पण सांगितलं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं, नीट झालं, आणि दादा त्यानंतर सात वर्षं जगले.

त्या सात वर्षांत ते निवांत होतील असं मला वाटलं होतं. कारण मीच ते काम तडीस नेलं होतं, त्याचं मला थोडं कौतुकही होतं. पण झालं उलटंच. गॅलरीतल्या येरझाऱ्या थांबल्या नाहीत. त्यांना त्या बाईचं नाव हवं होतं. तिच्या माहेरच्या गावचे गुरुजी पंचवटीतच दोन गल्ल्या पलीकडे सापडले. त्यांची वही उघडली तर तिच्या बापाच्या लेखात मुलग्यांची नावं ओळीने होती आणि पुढे लिहिलं होतं, कन्या चार. त्या गावी जाऊन आलो, तिच्या भावाचे नातू भेटले, चहा पाजला, त्यांना अशी कोणी आत्याआजी होती हेच माहीत नव्हतं. दरवर्षी नवमी जवळ आली की दादा नवीन काहीतरी सुचवायचे. अमक्या मंदिरात जुनी वही आहे म्हणतात. तमका म्हातारा अजून आहे म्हणतात. दरवर्षी आम्ही दोघं कुठल्या तरी एसटीत बसलेलो. माझी पंचेचाळिशी उलटली होती, कौतुक कधीच संपलं होतं, आता नुसती चिडचिड उरली होती.

एका वर्षी रामकुंडावरचं आटोपून आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. सकाळची गर्दी होती. मी त्यांना सरळच म्हणाले. दादा, तुम्हाला कळायचं होतं ते कळलं. तिने तुमच्यावर राग नाही धरला, जीव लावला. तुमचं काही चुकलं नव्हतं. आता ह्या नावासाठी किती दिवस फिरायचं?

ते पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "माझं काही चुकलं नव्हतं, असं कोण म्हणतं?"

आम्हाला घरात लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट अशी होती, की आजी गेली ते लढाईचे दिवस होते. कॅम्पात सगळ्यांच्या रजा बंद होत्या. सिन्नरहून तार आली, पण लष्कराने दादांना सोडलं नाही, म्हणून ते शेवटच्या वेळी पोचले नाहीत. आई हे सांगताना लष्कराला दोन शिव्या घालायची. मीही घातल्या होत्या.

"रजा मिळाली होती," दादा म्हणाले. "तार दाखवली तर साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. दोन दिवसांची. मी स्टँडवर गेलो. सिन्नरची गाडी लागलेली होती. तारेत लिहिलं होतं, तुझं नाव घेते आहे, लगेच ये. ती गाडी गेली. दुसरी लागली, तीही गेली. मी बाकावरच बसून होतो. संध्याकाळी ड्युटीवर परत गेलो आणि घरी सांगितलं, रजा नामंजूर झाली."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "ताप चढला असेल, बडबडत असेल. शुद्धीत असती तर मला कशाला बोलावलं असतं तिनं."